गळ्याचा डॉक्टर रोह्याला, पोटाचा पेणला

त्या वर्षी जो भेटेल तो म्हणायचा, "मुकादम, चांगले भरलात हो!" आणि मी खूश व्हायचो. जन्मभर मिठागरावर उन्हात वाळलो, अंगावर कधी चिमटीत धरण्याइतकं मांस चढलं नव्हतं. आता गाल वर आले, डोळ्यांखाली पिशव्या लोंबल्या, सदऱ्याची बटणं काजापर्यंत पोचेनात. मी म्हटलं, देवाला उशिरा का होईना आपली आठवण झाली. बायको मात्र माझ्या ताटाकडं बघून म्हणायची, "अवो, दोन घास जेवता आणि फुगता कशावर? वारा खाता काय?"

ही गोष्ट नव्वद सालच्या पुढली. रोह्याच्या पुढं कोकणात रेल्वे नुकती धावायला लागली होती, तेव्हाची. पेणच्या खाडीकडच्या गावात आमचं घर, आणि गावाच्या खालच्या अंगाला मिठागर. माझी शाळा दुसरीत संपली, पण मिठागरावर मी मुकादम होतो. ते पद मला कोणा शेटनं चिठ्ठी लिहून दिलेलं नव्हतं. मी ते टाचेनं मिळवलं होतं.

टाचेनं म्हणजे कसं, ते सांगतो. पावसाळा सरून दिवाळी झाली की मिठाच्या वाफ्यांतलं पावसाचं पाणी काढून टाकतात आणि तळ तुडवतात. तळ फरशीसारखा घट्ट झाला नाही तर मिठात चिखल येतो, मीठ काळं पडतं. वीस-पंचवीस बाया-माणसं एका रांगेत, एकमेकांच्या कमरेला हात, आणि टाचा मारत वीत-वीत पुढं सरकायचं. रांगेच्या टोकाचा माणूस हाळी देतो, बाकीचे त्याच्या ठेक्यावर टाच टाकतात. तो टोकाचा माणूस डोळ्यांनी काही बघत नाही. त्याच्या टाचेला कळतं, की इथं तळ नरम आहे, इथं अजून चार फेरे लागतील. माझ्या बापाच्या टाचेला ते कळायचं, मग माझ्या टाचेला कळायला लागलं. सबंध गावात आणखी कुणाच्या नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, होतं ते सांगतो.

आणि त्या वर्षी माझ्या टाचेला कळेनासं झालं. पायांना सदा मुंग्या. चिखलात पाय टाकला तर वाटायचं गोधडीवर टाकलाय. मी कुणाला बोललो नाही. अंदाजानं हाळ्या दिल्या, अंदाजानं फेरे मोजले. शिमग्याच्या आधी एका वाफ्याचं मीठ निघालं ते भाजलेल्या वांग्याच्या रंगाचं. माझा चुलतभाऊ त्यातलं मूठभर घेऊन माझ्यासमोर उभा राहिला. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, पण जीभ माझ्याहून मोठी.

"दादूस, हे मीठ हाय का राख?"

"मीठच हाय. चाखून बघ."

"तू चाख. तुझ्या टाचेनं केलंय."

सगळे हसले. त्याच दिवशी बाया-माणसांनी मिळून ठरवलं की येत्या दिवाळीनंतर टोकाला चुलतभाऊ उभा राहणार आणि मी रांगेत मधी कुठंतरी. मी म्हटलं, "दिवाळीला अजून आठ महिने हायत. तवा बघू कोण उभा राहतो ते." म्हटलं खरं, पण घशातून जो आवाज निघाला तो रेडकाचा. त्यावर पुन्हा सगळे हसले.

आवाज बसला होता, तसं पोटही बसलं होतं. आमच्याकडं तेव्हा सकाळी सकाळी डबा घेऊन बांधापलीकडं जायची रीत. चुलतभाऊ माझ्या मागून यायचा, मोकळा होऊन परत जायचा, न्याहारी करून कामाला लागायचा, आणि मी तिथंच. जाताना विचारायचा, "दादूस, इथंच घर बांधतोस काय?" पोट नगाऱ्यासारखं ताणलेलं, वर ढेकर, खाली काही नाही. आणि थंडी! चैत्रात मिठागर तव्यासारखं तापतं, पाखरू बसत नाही, आणि मी माकडटोपी घालून मिठाचे ढीग लावतोय. माझ्या टोपीकडं बघून आगरातल्या बायांना घाम फुटायचा.

पोटासाठी मी पेणला गेलो. तिथले डॉक्टर म्हातारे, माझ्या बापालाही त्यांचंच औषध. त्यांनी माझ्या पोटावर बोटं वाजवली, टरबूज घेताना वाजवतात तशी, आणि म्हणाले, "गॅस. पित्त वाढलंय." एक पांढऱ्या घट्ट औषधाची बाटली दिली. पुदिन्याच्या वासाची, चव खडू चाटल्यासारखी. सकाळी उठल्या उठल्या दोन झाकणं, मग जेवणाआधी. मला ती बाटली फार आवडली. घेतली की छातीत गार वाटायचं. पोट तसंच राहायचं, पण छाती गार.

लेक रोह्याला दिलेली. जावई तिथल्या एका कंपनीत शिफ्टला. शिमग्याला मी गेलो तर लेकीनं दारातच थांबवलं.

"बाबा, तुमचा गळा का सुजलाय?"

"भरलोय मी. सगळे बोलतात."

"गळा कोणाचा भरत नाय. चला."

ती मला एका डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. बाई वयानं माझ्या लेकीएवढ्या. त्या माझ्या पाठीमागं उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांनी माझा गळा धरला. म्हणाल्या, "काका, गिळा." काय गिळू? तोंडाला कोरड पडली होती. लग्नाला तीस वर्षं झाली, पण आमच्या घरातल्या बाईनंही इतक्या वर्षांत गळा धरला नव्हता, मनात कितीदा आलं असेल ते असो. मग रक्त काढलं, ते मुंबईला गेलं, आठवड्यानं कागद आला. बाई म्हणाल्या, थायरॉईड. गळ्यातली ग्रंथी थकलीय, म्हणून थंडी, म्हणून सूज, म्हणून आवाज बसला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. ते नाव मी रोह्याच्या गाडीत घोकत निघालो आणि नागोठण्याला विसरलो.

आता माझं झालं असं. पोटाचा डॉक्टर पेणला आणि गळ्याचा रोह्याला. आणि मी ठरवलं की ह्याला त्याचं सांगायचं नाही, त्याला ह्याचं सांगायचं नाही.

ह्यात माझा हट्ट होता हे कबूल, पण नुसता हट्ट नव्हता, विचारही होता. मिठागरावर आम्ही जन्मभर काय करतो? पाणी वेगळं ठेवतो. खाडीचं कच्चं पाणी एका ठिकाणी, उन्हानं तापून घट्ट झालेलं दुसऱ्या ठिकाणी, मीठ धरायला आलेलं तिसऱ्या. मधी बांध. बांधाला खेकड्यानं एक भोक पाडलं आणि कच्चं पाणी पिकल्या पाण्यात शिरलं की महिन्याची मेहनत गेली. म्हणून मला वाटलं, गळ्याचं गळ्यात, पोटाचं पोटात, मधी बांध पक्का. शिवाय पेणच्या डॉक्टरांना कळलं की मी दुसरीकडं जातो तर त्यांना वाईट वाटेल. आणि गावात कळलं की मुकादमाला एक सोडून दोन रोग आहेत, तर चुलतभाऊ दिवाळीपर्यंत थांबायचाच नाही.

तर रोज सकाळी मी उठायचो आणि गोळी तोंडात टाकून वर पांढऱ्या औषधाची दोन झाकणं ओतायचो. पाण्याची गरजच नाही. गोळी त्या औषधावरून अशी सरकायची, जशी होडी गाळावरून.

वैशाख गेला, जेठ गेला. बरं काही नाही. रोह्याला रक्त दिलं, बाई कागद बघून कपाळाला आठ्या घालायच्या आणि गोळी वाढवायच्या. पेणला गळ्याला मफलर गुंडाळून पोट दाखवलं, डॉक्टर मान हलवायचे आणि झाकणं वाढवायचे. दोघं दोन बाजूंनी चढवत होते, आणि मधी मी फुगत होतो. बायको म्हणाली, "अवो, खरं सांगा, काय चाललंय? सकाळी तोंडात काय टाकता?" मी म्हटलं, "गो, ताकदीचं हाय." ती म्हणाली, "मग ताकद कुठं ठेवता? घरात तर दिसत नाय."

श्रावणात पुन्हा रोह्याला गेलो. पहाटेची गोळी घरी घेतली, पण पोट फार दाटलं म्हणून गाडीत बाटली काढली आणि सरळ तोंडाला लावली. लेक दवाखान्यात आधीच येऊन बसली होती. बाईंच्या हातात कागद, आणि त्या दिवशी त्या रागावल्या.

"काका, इतकी गोळी घोड्याला दिली असती तर तो शर्यत जिंकला असता. तुम्ही गोळ्या घेता की फेकता?"

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बाई, मी शिकलेला नाय, पण खोटारडा नाय. एक दिवस चुकवली नाय."

"उपाशीपोटी?"

"उपाशीपोटी."

"बरोबर दुसरं काही घेत नाही ना?"

"काय नाय."

बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. "मग मिशीला पांढरं काय लागलंय?"

मी मिशीला हात लावला. "दूध."

"पुदिन्याचं दूध?"

त्यावर लेकीनं काय करावं? बापाची पिशवी ओढली, आत हात घातला आणि बाटली टेबलावर ठेवली. बाटली अर्धी रिकामी. बाई बाटलीकडं बघतायत, लेक माझ्याकडं बघतेय आणि मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं. मग बाई हसायला लागल्या. आधी नाकातून, मग तोंडावर हात, मग तो हातही सुटला. लेकीला आधी रडू येत होतं, पण बाईंचं बघून तीही सुटली. बाहेर बसलेले आजारी लोक दारातून डोकावायला लागले. आणि मीच का मागं राहू म्हणून मीही हसलो. माझं हसणं रेडकासारखं, त्यामुळं त्या दोघी आणखी हसल्या.

मग मी सगळं सांगितलं. पेणचे डॉक्टर, पोट, डबा, टाच, मुंग्या, आणि बांध. बाईंनी मिठागराचं सगळं ऐकून घेतलं, मधी एकदाही घड्याळ बघितलं नाही. मग म्हणाल्या, "काका, ते सगळे वाफे वेगळे, कबूल. पण पाणी येतं कुठून?"

"खाडीतून."

"खाड्या किती?"

"एकच."

"मग झालं तर. तुमच्या अंगातही एकच आहे."

त्यांनी समजावलं ते मला असं कळलं. अंगात राखणदार असतात, बाहेरून रोग आला की त्याला बडवायला. माझे राखणदार चक्रम निघाले. त्यांनी घरच्याच माणसाला चोर समजून बडवला, आधी गळ्यातल्या ग्रंथीला. असे राखणदार कधी कधी तेवढ्यावर थांबत नाहीत, पोटाच्या आतल्या अस्तरालाही धरतात. सगळ्यांचं असं होत नाही, पण गळ्याचा हा रोग असेल तर पोटाकडंही बघावं. मग पोटात पाचक रस कमी होतो आणि अन्नातलं एक जीवनसत्त्व अंगात शिरेनासं होतं. त्यानं जीभ लाल गुळगुळीत होते आणि पायाला मुंग्या येतात. आणि पोट साफ न होणं, ते तर थकलेल्या ग्रंथीचंच काम.

"तुमच्या पोटात पित्त वाढलंय असं मला वाटत नाही, कमीच असेल," त्या म्हणाल्या. "आणि हे पांढरं औषध आहे ना, ते गोळीला पोटातच धरून बसतं, रक्तात जाऊ देत नाही. इतके महिने तुम्ही रोज गोळी घेतलीत आणि रोज तिला खडूत पुरलीत."

"म्हंजे मी माझीच गोळी मारली?"

"रोज सकाळी. नेमानं."

मला त्या राखणदारांचा राग यायला हवा होता, पण खरं सांगू? त्यांची ओळख पटली. माझ्याच रक्तातले, ते हट्टी निघायचेच.

पुन्हा रक्त काढलं, ते मुंबईला गेलं, आणि बाईंचा संशय खरा निघाला. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि सांगितलं की इंजेक्शनं पेणला घ्या, रोज रोह्याला कुठं येता, आणि हे तुमच्या डॉक्टरांना स्वतः सांगा. चुलतभावापुढं मान खाली घालायला मला जेवढं जड गेलं असतं, त्याहून जड गेलं ते पेणच्या दवाखान्यात शिरणं. चिठ्ठी पुढं केली. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचली, परत वाचली.

"अरे, म्हणजे इतके दिवस तू माझ्याकडं नुसतं पोट घेऊन यायचास, आणि गळा घरी ठेवायचास?"

"चुकलं, डॉक्टर."

"तुझं चुकलं, आणि हा गळा समोर असून मी बघितला नाही, ते माझं. मफलर का काढला नाहीस?"

"थंडी होती."

"मे महिन्यात थंडी! आणि मीही विचारलं नाही!" ते स्वतःच्याच कपाळावर हात मारून हसले. बाटली माझ्या हातातून घेऊन त्यांनी कपाटात ठेवली आणि लाल रंगाचं इंजेक्शन भरलं. लाल म्हणजे सरबतासारखं लाल. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला. आणि गोळी पहाटे नुसत्या पाण्याबरोबर. नंतर तासभर चहा नाही, तंबाखू-चुना नाही, काही नाही. तो तास मी अंगणात येरझाऱ्या घालायचो आणि बायको चुलीवरच्या चहाला झाकण घालून मला वाकुल्या दाखवायची.

गणपती आले, गेले. एका दुपारी मी बांधावर बसलो होतो आणि मानेवरून काही ओघळलं. मी हात लावला, चाटून बघितलं. खारट. घाम! वर्षभरानं मला घाम आला होता. मी माकडटोपी काढून खाडीत भिरकावली. घरी जाऊन बायकोला म्हटलं, "गो, हात लाव, हात लाव, घाम बघ!" ती म्हणाली, "अवो, घामाचा काय सण करता?" पण तिनं पदरानं मान पुसली, आणि तो पदर लगेच खाली सोडला नाही. नवरात्रात आवाज सुटला. भाकरीची चव कळायला लागली, वाकटी माशाच्या कालवणाला दुसऱ्यांदा हात पुढं झाला. गाल उतरले, तेव्हा लोक म्हणायला लागले, "मुकादम, सुकलात हो!" मी म्हटलं, सुकलोच, मिठागरावर ओलं काय कामाचं!

पण टाच? टाचेचं काही कळत नव्हतं. मुंग्या कमी होत्या, पण घरातल्या जमिनीवर काय समजणार? ते चिखलातच समजणार.

दिवाळी सरली. पहिल्या वाफ्याचं पाणी काढलं, आणि तुडवणीच्या सकाळी चुलतभाऊ रांगेच्या टोकाला उभा. डोक्याला नवा गमछा. मी त्याच्यासमोर गेलो.

"एक फेरा मला दे. मी नरम जागा सांगतो, तू पहार मारून बघ. एक जरी चुकली तरी मी जन्मभर तुझ्या मागं."

"दादूस, कशाला हसं करून घेतोस?"

"हसं माझं हाय ना? तू पहार धर."

बायका म्हणाल्या, "द्या हो एक फेरा, सकाळी सकाळी गंमत तरी." त्यानं पहार घेतली. मी टोकाला उभा राहिलो, माझ्या कमरेला बायकोचा हात, तिच्या कमरेला पुढचीचा, असं पार शेवटपर्यंत. पहिली टाच टाकली.

गार. चिखल गार होता! वर्षभर गोधडीवर चाललेला मी, त्या गारव्यानं माझ्या टाळूपर्यंत शिरशिरी गेली. खाली घट्ट, त्याखाली बारीक वाळू, सगळं टाच मला सांगत होती, जशी सासुरवाशीण माहेरी आली की थांबत नाही. मी हाळी दिली. आवाज पलीकडच्या बांधापर्यंत गेला आणि तिथले बगळे उठले.

"इथं नरम!"

चुलतभावानं पहार मारली. हातभर आत.

"इथं घट्ट!" पहार ठणकन परतली.

"इथं नरम, आणि खाली खेकड्याचं बीळ!"

पहार गेली आणि बिळातून पाणी बुडबुडलं. रांगेतून आरोळी उठली. चुलतभावाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, आणि मी तो बघणार, इतक्यात माझ्या पोटात काहीतरी हललं. आधी गुडगुडलं, मग घडघडलं, जशी भरतीच्या वेळी बांधातल्या पाण्याच्या दाराची, उघाडीची, फळी उचलावी. वर्षभराचं अडलेलं पोट, त्याला मोकळं व्हायला हीच वेळ सापडली.

मी बायकोचा हात सोडवला.

"अवो, काय झालं?"

"आलो!"

आणि मी पळालो. वाफ्यातून, आडव्या बांधावरून, उड्या मारत, धोतराचा सोगा हातात धरून. मागं बाया किंचाळून हसत होत्या. कुणीतरी ओरडलं, "अरे, मुकादम धावतोय बघा!" तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. खरंच, मी धावत होतो! वर्षभर जो माणूस ओटा चढताना भिंत धरत होता, तो बांधावरून हरणासारखा चालला होता. मला इतका आनंद झाला की बांधापलीकडं बसल्या बसल्या मी मोठ्यानं हसत सुटलो, आणि माझं हसणं तिकडं ऐकू जाऊन ते सगळे पुन्हा हसत होते.

परत आलो तेव्हा रांग तशीच उभी होती. कमरेला हात तसेच. टोकाची जागा रिकामी, आणि चुलतभाऊ तिच्या शेजारी पहार टेकून. मला वाटलं, आता टोमणा येणार. त्यानं तोंड उघडण्याआधीच मी म्हटलं, "काय बोलायचं ते बोल."

त्यानं पहार बांधावर टाकली, रांगेत मधी जाऊन शिरला आणि दोन्ही बाजूंच्या कमरा धरल्या.

"दादूस, हाळी दे रे. आमचे पाय गार पडले."

मी दिली.